पोराच्या हाती ट्रॅक्टर देण्यापूर्वी



या पानावर आपण बहुधा बेणे, खताचे हप्ते, पाचट नाही तर हुमणी यांविषयी वाचत असता. या वेळी विषय वेगळा घेतला आहे, परंतु तो उसाच्या बाहेरचा नाही. गव्हाणीत मोळी पडली की आमच्या विभागाचे निम्मे लक्ष शेतातून रस्त्यावर जाते. ऊस तोडला जातो, ट्रॉली भरते, चिठ्ठी मिळते, आणि मग शेताच्या बांधापासून काट्यापर्यंतचा जो प्रवास आहे तो कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न उभा राहतो. कळंब तालुक्यात मांजरा भरला की ऊस वाढतो, ऊस वाढला की ट्रॅक्टर वाढतात, आणि ट्रॅक्टर वाढले की त्यांच्या सीटवर मिसरूडही न फुटलेली पोरे दिसू लागतात.

गटात फिरताना आम्ही वडिलांना विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेले असते. "साहेब, बारा वर्षांचा असल्यापासून चालवतंय. हात बसलाय त्याचा." ड्रायव्हर उचल घेऊन निघून गेलेला असतो, तोडणीची पाळी आलेली असते, टोळी फडात बसून असते आणि ऊस वाळत असतो. अशा वेळी घरचेच लेकरू कामाला लावावेसे वाटते, ही अडचण आम्हास पूर्ण ठाऊक आहे. पण हात बसणे ही एक गोष्ट आणि रस्त्याची जाण येणे ही दुसरी. रानात नांगर धरताना समोरून कोणी येत नाही. रस्त्यावर सगळेच समोरून येतात.

आता कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण याविषयी गैरसमज फार आहेत. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर कोणतेही मोटार वाहन चालवण्यास वयाची १८ वर्षे पूर्ण पाहिजेत. ट्रक वगैरे वाहतूक वाहनांसाठी २०. सोळाव्या वर्षी लायसन मिळते असे पुष्कळांच्या कानावर असते. ते खरे आहे, पण फक्त ५० सी.सी. पर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी. आज दुकानातून जी स्कूटर आपण मुलीला कॉलेजला जायला घेऊन देतो तिचे इंजिन शंभर सी.सी.च्या वरचे असते. म्हणजे ती सोळाव्या वर्षी चालत नाही. ट्रॅक्टरचा तर प्रश्नच नाही.

२०१९ साली या कायद्यात कलम १९९-अ घालण्यात आले. सभासदांनी हे कलम नीट समजून घ्यावे, कारण यात शिक्षा पोराला नंतर आणि बापाला आधी आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन मिळत नाही. "मला न विचारता घेऊन गेला" असे म्हणून सुटका होत नाही. मुलाने वाहन पालकाच्या संमतीनेच नेले असे कोर्ट गृहीत धरते, आणि तसे नव्हते हे पालकाला सिद्ध करावे लागते. किल्ली खुंटीला लावलेली असेल तर ते सिद्ध करणे किती अवघड, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

पुण्याचे प्रकरण आपण सर्वांनी ऐकले आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये १७ वर्षांच्या मुलाच्या ताब्यातील महागड्या मोटारीने दुचाकीला धडक दिली आणि त्यावरील दोन तरुण अभियंते जागीच गेले. एक मुलगा, एक मुलगी, दोघे मध्य प्रदेशातून नोकरीसाठी आलेले. मुलाला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली आणि राज्यभर संताप उसळला. त्यानंतर वडिलांनाही अटक झाली. पारावर या प्रकरणाची चर्चा आम्ही पुष्कळ ऐकली. मोठ्यांची पोरे, मोठ्यांच्या गाड्या, असा तिचा सूर असे. परंतु सोळा वर्षांच्या पोराच्या हाती डबल ट्रॉली आणि पंधरा-वीस टन ऊस देणारा बाप त्या बापापेक्षा कायद्याच्या नजरेत वेगळा नाही. फरक एवढाच की त्यांच्याकडे वकिलांची फौज असते, आपल्याकडे सातबारा असतो.

सातबाऱ्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम केला. विना लायसन चालकाकडून अपघात झाला तर विमा कंपनी पॉलिसीची अट मोडल्याचे दाखवते. पुष्कळ दाव्यांत मोटार अपघात न्यायाधिकरण कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगते आणि तीच रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. घरातला कमावता माणूस गेला असेल तर ही रक्कम लाखांत जाते. शिवाय ट्रॅक्टर हे एका माणसाचे वाहन आहे. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत उसावर बसलेल्या माणसाची जबाबदारी कंपन्या नाकारतात आणि त्यावरून वर्षानुवर्षे कोर्टात भांडणे चालतात. पॉलिसी केवळ शेतीकामाची असेल आणि आपण भाड्याने दुसऱ्याचा ऊस वाहत असाल तर तेही अडचणीचे ठरते. पॉलिसीचा कागद पेटीत ठेवण्यापूर्वी एकदा वाचून घ्यावा, न समजल्यास जाणत्याकडून वाचून घ्यावा.

शिकवायचे कसे?

मग पोराला शिकवायचेच नाही काय? शिकवायचे, जरूर शिकवायचे. पण आपली शिकवण्याची रीत उलटी आहे. आपण मुलाला मडगार्डवर बसवून शिकवतो, आणि एके दिवशी एकदम भरलेल्या दोन ट्रॉल्या देऊन काट्यावर पाठवतो.

उसाला नत्र कसे देतो ते आठवा. लागणीच्या वेळी १० टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी ४० टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी १० टक्के आणि मोठ्या बांधणीला उरलेले ४० टक्के. सगळा युरिया लागणीलाच ओतला तर पीक घेत नाही, पाण्याबरोबर निघून जातो. नव्या चालकाचेही असेच आहे. न्यूझीलंड देशाने १९८७ पासून लायसन टप्प्याटप्प्याने देण्याची पद्धत घातली. पहिल्या टप्प्यात जाणता चालक शेजारी हवा. दुसऱ्या टप्प्यात एकट्याने चालवता येते, पण रात्री दहा ते पहाटे पाच नाही, आणि सोबत मित्रमंडळी घ्यायची नाहीत. कारण त्यांना असे दिसले की नवे पोर एकटे असताना जेवढे चुकते त्यापेक्षा रात्री आणि दोस्त बरोबर असताना जास्त चुकते. ही गोष्ट न्यूझीलंडला जाऊन शिकायला पाहिजे असे नाही. येरमाळ्याच्या ढाब्यावर संध्याकाळी उभे राहिले तरी दिसते.

आमची सूचना अशी. मुलाला अठरा पूर्ण झाली की प्रथम शिकाऊ लायसन काढावे. ते सहा महिने चालते आणि तीस दिवसांनंतर पक्क्यासाठी चाचणी देता येते. शिकाऊ असताना पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ पाहिजे आणि शेजारी लायसनधारक शिकवणारा पाहिजे, तोही गरज पडल्यास वाहन थांबवू शकेल अशा जागी बसलेला. इथेच ट्रॅक्टरची गोम आहे. ट्रॅक्टरला सीट एकच. मडगार्डवर बसलेला बाप ब्रेक दाबू शकत नाही, उलट खड्ड्यात आदळले की तोच चाकाखाली जातो. म्हणून मुलाने रस्त्याचे शिक्षण ड्रायव्हिंग स्कूलच्या दुहेरी ब्रेकच्या मोटारीवर घ्यावे हे उत्तम. हलक्या मोटार वाहनाच्या व्याख्येत ७,५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टरही येतो, त्यामुळे ते लायसन वाया जात नाही. ट्रॅक्टरची सवय मात्र रानात करावी, नांगरून पडलेल्या मोकळ्या तुकड्यात, बापाने बांधावर उभे राहून.

त्यानंतर पक्के लायसन हाती आल्यावर दिवसाउजेडी रिकामी एक ट्रॉली, गावच्या रस्त्याने. ट्रॉली मागे घेणे या वेळी घोटून घ्यावे. स्टिअरिंग डावीकडे फिरवले की ट्रॉली उजवीकडे जाते हे डोक्यात बसायला पंधरा दिवस लागतात. मग भरलेली एक ट्रॉली, ओळखीच्या रस्त्याने, दिवसा. डबल ट्रॉली आणि रात्रीची खेप, एक हंगाम पुरा झाल्याशिवाय नाही. कोणी म्हणेल, एवढे कोण थांबणार? नवीन जातीचे बेणे आपण एक हंगाम बेणेमळ्यात वाढवून मगच रानभर लावतो. पोर त्याहून स्वस्त नाही.

ट्रॅक्टरच्या काही खोडी

ट्रॅक्टरला डावा आणि उजवा असे दोन ब्रेक वेगळे असतात. रानात सरीच्या टोकाला झटकन वळायला ते सोयीचे आहेत. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल कडीने एकत्र जोडलेच पाहिजेत. न जोडता वेगात एकच पेडल दाबले गेले तर एक चाक अडते, दुसरे पळते, आणि ट्रॅक्टर गर्रकन फिरून उलटतो. ही कडी किती ट्रॅक्टरांना शाबूत आहे हे आम्ही यार्डात पाहतो तेव्हा वाईट वाटते. पन्नास-शंभर रुपयांची वस्तू गंजून किंवा हरवून गेलेली असते.

दुसरे, ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतात. सगळे वजन ट्रॅक्टरच्या ब्रेकवर. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे महाभाग आपल्याकडे आहेत. येडशी-येरमाळ्याच्या बालाघाटाच्या उतारावर तसे केले की मागच्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलू लागतात आणि मग ब्रेक दाबून काही उपयोग होत नाही. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावे, आणि उतार सुरू होण्यापूर्वीच तो गिअर टाकावा. उतारावर क्लच दाबून ठेवणे हेही न्यूट्रलसारखेच.

तिसरे, हूक. ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच जोडावी. वर जोडली की चढावर पुढची चाके उचलतात. पिनेला क्लिप पाहिजे आणि वर साखळीही पाहिजे. मागे एका हंगामात रात्री काटा करून परत निघालेल्या एका पोराची मागची रिकामी ट्रॉली पिन उडून सुटली, रस्ता सोडून ज्वारीत घुसली. पोराला ते अर्धा किलोमीटर पुढे गेल्यावर कळले, कारण ट्रॅक्टरवर गाणी लावलेली होती. त्या क्षणी मागून मोटारसायकल नव्हती एवढेच.

गाण्यांबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. ट्रॅक्टरवर मोठाले भोंगे बसवण्याची हौस वाढली आहे. चालकाला झोप लागत नाही असे समर्थन केले जाते. पण मागच्या गाडीचा हॉर्न, ट्रॉलीचा वेगळा येणारा आवाज, टोळीतल्या माणसाची हाक, यांपैकी काहीही त्याच्या कानी जात नाही. झोप येत असेल तर त्यावर झोप हाच उपाय. नंबर लागेपर्यंत रात्रभर यार्डात जागलेले पोर पहाटे रिकामा ट्रॅक्टर घेऊन घाईने निघते, आणि रिकामा ट्रॅक्टर भरलेल्यापेक्षा जास्त पळतो, जास्त उसळतो. अशा पोराला दोन तास यार्डातच ट्रॉलीखाली नव्हे, बाजूला सुरक्षित जागी झोपू द्यावे. घरी उशिरा आला म्हणून रागावू नये.

दुचाकीवरची पोरे

हंगामात मृत्यू बहुतेक वेळा ट्रॅक्टरवाल्याला येत नाही. तो मोटारसायकलवाल्याला येतो. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांत निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरची होती. आपल्याकडचा नेहमीचा प्रकार म्हणजे रात्री रस्त्यात उभ्या असलेल्या ट्रॉलीला मागून धडक. म्हणून मोटारसायकल शिकणाऱ्या पोरांना पुढील गोष्टी कोणीतरी बसवून सांगितल्या पाहिजेत. शाळेत त्या सांगत नाहीत.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे साडेसोळा मीटर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यात ८० फूट गेले. चार फुटी सरीच्या हिशेबाने वीस सऱ्या, आणि अजून ब्रेक लागलेलाही नाही! कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत जवळजवळ तेवढ्याच सऱ्या आणखी. आता रात्री मोटारसायकलच्या डिप्परच्या उजेडात किती सऱ्या दिसतात ते मुलाला आपल्याच फडापुढे उभे करून मोजायला सांगावे. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, हेही सांगावे.

समोरून एक दिवा येत असेल तर ती मोटारसायकलच असेल असे समजू नये. एक दिवा गेलेला ट्रॅक्टर असू शकतो, आणि त्याचा जळणारा दिवा डावा आहे का उजवा हे अंधारात कळत नाही. त्याच्या मागे दोन ट्रॉल्या आणि ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस असतो. समोरचा अप्पर डोळ्यावर आला तर नजर रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी आणि वेग कमी करावा. त्या वेळी कोणाला ओलांडू नये. डबल ट्रॉलीला ओलांडायला मोटारसायकलला पाच-सहा सेकंद लागतात, आणि तोवर समोरच्याचे येणे धरले तर पुढे खूप लांबपर्यंत रस्ता मोकळा दिसला पाहिजे. कळंब-ढोकी किंवा कळंब-केज रस्त्यावर वळणाआधी असा मोकळा रस्ता कुठे मिळतो आणि कुठे मिळत नाही, हे आपल्या पोरांना माहीत असते, घाईत विसरतात.

काळ्या मातीचा चिखल हा आपला खास शत्रू. अवकाळी पाऊस झाला की फडातून निघालेल्या चाकांची माती डांबरावर पसरते आणि रस्ता साबणासारखा होतो. शेतातून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याने फावड्याने मोठे ढेकूळ काढून टाकले तर त्याचे फार वेळ जाणार नाही. आणि तिघे एका गाडीवर, हेल्मेट टाकीवर, हे चित्र बदलले पाहिजे. हेल्मेट आय.एस.आय. शिक्क्याचे आणि गळ्याखाली पट्टा लावलेले हवे, नाहीतर ते आधी उडते आणि डोके मागाहून आपटते.

सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी झाल्यापासून एक नवी सवय लागली आहे. येरमाळा भागात वळण लांब पडते म्हणून ट्रॅक्टर उलट्या बाजूने घालतात. समोरून शंभरच्या वेगाने येणाऱ्या मोटारवाल्याच्या स्वप्नातही आपण नसतो. नव्या चालकाला हा रस्ता पहिल्या हंगामात देऊच नये. चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीच्या यात्रेत पायी माणसांची रीघ लागते, त्या दिवसांत तर मुळीच नाही.

बंद पडलेली ट्रॉली

ट्रॉलीचा टायर फुटला, एक्सल मोडला, की ती शक्यतो डांबराच्या खाली घ्यावी. नच जमल्यास मागे पन्नास-साठ पावलांवर तांबडा परावर्तक त्रिकोण ठेवावा, टोळीतला एक माणूस बॅटरी घेऊन उभा करावा. आपण चाकाला आणि भोवती दगड लावतो, आणि दुरुस्ती झाली की दगड तिथेच सोडून निघून जातो! ते दगड मग दुसऱ्या कोणाच्या पोराच्या पुढच्या चाकाखाली येतात. दगड उचलणे हे चालकाचेच काम आहे, हे त्याला पहिल्या दिवशी सांगावे.

परावर्तक पट्ट्या ट्रॉलीला मागे लाल, बाजूला पिवळ्या आणि पुढे पांढऱ्या लावतात. आठवड्यातून एकदा त्यांवरची धूळ आणि मळी ओल्या फडक्याने पुसावी. मळलेली पट्टी असून नसल्यासारखी. ऊस पट्टीच्या वर लोंबत असेल तर तीच गत. बैलगाडीवाल्यांनीही जुवाला आणि मागच्या आडव्याला पट्टी लावून घ्यावी.

आणि अपघात झालाच तर पळून जाऊ नये. नवे पोर भीतीने पळते, तेव्हा जखमी माणूस रस्त्यातच राहतो आणि गुन्हा वाढतो. १०८ ला फोन करावा, महामार्गावर १०३३ ला. मदत करणाऱ्या वाटसरूला पोलीस त्रास देतील ही भीती आता बाळगण्याचे कारण नाही. कलम १३४-अ प्रमाणे त्याला संरक्षण आहे, आणि स्वतःचे नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती करता येत नाही. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत अपघातग्रस्तावर ठरवून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोख पैसे न भरता उपचार होण्याची तरतूद आहे. पैशाची जुळवाजुळव होईपर्यंत जखमीला घरी ठेवू नये.

येत्या हंगामाच्या वाहतूक कराराला येताना ट्रॅक्टर व दोन्ही ट्रॉल्यांची नोंदणी, विम्याची चालू पॉलिसी आणि प्रत्यक्ष जो वाहन चालवणार आहे त्याचे लायसन बरोबर आणावे. बदली चालक असेल तर त्याचेही. ब्रेकची कडी, हुकाची पिन-क्लिप-साखळी, दोन्ही दिवे, मागचा तांबडा दिवा आणि पट्ट्या आमचे गटातील कर्मचारी शेतावर येऊन पाहतील. त्या वेळी ट्रॅक्टर घरी ठेवावा आणि चालवणाऱ्यालाही घरी थांबायला सांगावे.